भिजवणखोलीच्या दारावरचा पंजा

१

दुपारचं जेवण अर्ध्यावर टाकून मालक उठले, भिंतीला धरून कसेबसे उभे राहिले आणि वाढायला आलेल्या सुनेकडे बोट दाखवून म्हणाले, “दोघी... दोघी आल्यात.”

सून एकटीच होती. तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती. त्या खुर्चीत मालकीणबाई बसायच्या, पण त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मालकांनी आणखी काही बोलायचा प्रयत्न केला, जीभ वळली नाही. पापण्या खाली आल्या त्या आल्याच. दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांचा श्वासही यंत्राच्या हवाली करावा लागला.

डॉक्टरांनी लक्षणं ओळखून औषध टोचलं आणि तपासणीला नमुने पाठवले. निकाल यायला काही दिवस गेले. हवाबंद बाटलीत वाढणाऱ्या एका जंतूचं विष पोटात गेलं होतं. आता हवाबंद बाटल्यांची त्या घरात काय वाण! घराला लागूनच कारखाना. आंबट-खाऱ्या पाण्यातल्या काकडीच्या चकत्या, एवढा एकच माल तिथे निघायचा, आणि मालक त्या दोन्ही वेळा जेवताना खायचे. बाकी कोणी हात लावत नसे. दिवसभर ज्या वासात उभं राहायचं तो पुन्हा ताटात कोणाला हवा?

तपासासाठी अन्नसुरक्षा कार्यालयातून ज्या बाई आल्या, त्यांना कार्यालयात सगळे आंबटबाई म्हणत. आपण पाठीमागे म्हणतो असं सगळ्यांना वाटे, आणि बाईंना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. सारी नोकरी जॅम, सॉस आणि सरबतांचा आंबटपणा मोजण्यात गेलेली, आणि चेहराही नावाला जागणारा. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. तरी उगाच भुताचा अपमान करू नये, असंही त्यांचं मत होतं.

“बाई, प्रकरण सरळ आहे,” फौजदार कारखान्याच्या दारातच म्हणाले. “विष काकडीतून गेलं. काकडीच्या पाण्यात पावडर घालते सून. सासरा बोट दाखवतो सुनेकडे. संध्याकाळपर्यंत तुमचा अहवाल द्या, मी तिला घेऊन जातो.”

“सासरा ‘दोघी’ म्हणाला ना? मग दुसरी कोण?”

“ते तीच सांगेल. चौकीत बसवलं की आपोआप सांगतात.”

आंबटबाई काहीतरी खरमरीत बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांच्या मागच्या गोदामातून आवाज आला. टक्. गोदामाला फौजदारांनी स्वतःच्या हाताने सील ठोकलं होतं. आत कोणी नव्हतं.

फौजदारांनी घाम पुसला. आत पुन्हा आवाज झाला. टक्.

२

“मालकीणबाई आहेत त्या,” मुकादम म्हणाला. जाडजूड, पिळदार मिशांचा माणूस, पण आवाज शाळकरी पोराएवढा लहान झाला होता. “बाटल्या मोजतायत. आधी कधीतरी एखादा आवाज यायचा. गेल्या आठवड्यापासून खंड नाही.”

“मेल्यावरसुद्धा हिशेब सुटला नाही म्हणायचा.”

“थट्टा करू नका हो बाई. त्यांचा हात परत आलाय. सगळे सांगतील.”

त्याने सांगितलं ते असं. मालकीणबाईंच्या हाताची काकडी दाताखाली अशी कुरकुरायची की शेजारच्या खोलीत ऐकू जावं. ते कसं साधतं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. भिजवणखोलीत त्या संध्याकाळी एकट्या जायच्या, दार लावून घ्यायच्या. पुन्हा भल्या सकाळी कारखाना उघडायच्या आधी जायच्या. त्या गेल्या आणि काकडी मऊ पडली. दुकानदार कुरकुर करायला लागले, काकडी मात्र करेना. मग काही महिन्यांपूर्वी अचानक ती पुन्हा कुरकुरीत झाली. कोणी काही बदललं नव्हतं. पाणी तेच, मीठ तेच, सुनेची पावडर तीच.

“आणि त्याच सुमारास हे दिसायला लागलं,” मुकादम म्हणाला आणि जरा लांबच थांबला.

भिजवणखोलीचं दार काळ्या रंगाचं होतं. त्याच्या काठावर, खांद्याच्या उंचीला, एक पांढरा पंजा उमटला होता. बाईमाणसाचा. बोटं लांबसडक, तळहाताच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

“आम्ही घरी जातो तेव्हा दार कोरं असतं. मी स्वतः कुलूप घालतो. सकाळी येऊन बघावं तर पंजा. पुसला तरी परत येतो.”

“कुलूप घातल्यावर आत कोणी जातं?”

“घरातून एक दार आहे. मावशी जातात, मालकीणबाईंच्या धाकट्या बहीण. चिरलेल्या चकत्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या असतात, ते काम त्यांचं. पण पंजा त्यांनाही सकाळीच दिसतो. त्यांनीच तर पहिल्यांदा दाखवला. रडत होत्या.”

आंबटबाई कारखान्याला वळसा घालून मागे गेल्या. भिजवणखोलीच्या भिंतीतून एक मोरी बाहेर आली होती आणि तिच्या तोंडाशी गुडघाभर गवत माजलं होतं.

“हे गवत कापायला कोणाला सवड नाही,” मुकादम वैतागून म्हणाला. “पूर्वी इथं काडी उगवत नव्हती. मालकीणबाई होत्या तोवर गवताचीसुद्धा टाप नव्हती बघा.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग गवताकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

“काय म्हणालात?”

पण मुकादमाचं लक्ष नव्हतं. गोदामातून टक् टक् असे दोन आवाज लागोपाठ आले होते आणि तो पटापट पावलं टाकत अंगणाकडे निघाला होता.

३

सून पाणी उकळायच्या खोलीत एका स्टुलावर बसली होती. डोळे सुजलेले, पण पाठ ताठ. अन्नशास्त्र शिकलेली मुलगी. सासूबाईंच्या मागे कारखान्याचं सगळं शास्त्र तिच्याकडे आलं होतं. दिवसभर ती सासऱ्यांच्या उशाशी उभी राहायची, आणि आल्या-गेल्या प्रत्येक नातेवाइकाची नजर सोसायची.

“ही ती पावडर,” फौजदारांनी कोपऱ्यातल्या डब्यावर छडी आपटली. “वर काय लिहिलंय बघा. आम्लता नियंत्रक. नावच किती भयंकर आहे!”

आंबटबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, आतले पांढरे दाणे बारकाईने पाहिले, आंबटपणा तपासायची ओली कागदी पट्टी लावून पाहिली आणि मग चिमूटभर जिभेवर टाकले.

“अहो बाई!” फौजदार ओरडले.

“सायट्रिक आम्ल आहे. लिंबात असतं तेच. सरबतात असतं, जॅममध्ये असतं, मुलं चघळतात त्या आंबट गोळ्यांत असतं. ठरल्या मापात असलं तर माणसाला काही करत नाही. मुठी भरभरून खाल्लंत तर दात आंबतील, पोट ओरडेल, पण मग साखरेचंही तेच आहे.” त्यांनी हात झटकले. “ते चवीपुरतं नाही घालत फौजदारसाहेब. या विषाचा जंतू सगळीकडे असतो, मातीत, भाजीच्या सालीवर. नुसत्या उकळण्याने तो मरत नाही, झाकण लावलं की आत आरामात वाढतो. पण पाणी पुरेसं आंबट असलं तर त्याला जागच येत नाही. ही पावडर म्हणजे पहारेकरी.”

“मग पहारेकऱ्याच्या नाकावर टिच्चून चोर आत कसा गेला?” फौजदारांनी विचारलं. माणूस उद्धट होता, मूर्ख नव्हता.

आंबटबाई सुनेकडे वळल्या. “माप कमी पडलं?”

“नाही. पातेल्यातल्या पाण्याचा आंबटपणा प्रत्येक खेपेला मी स्वतः मोजते. एकदाही चुकलेलं नाही.”

“आणि बाटलीतलं?”

“बाटलीत तेच पाणी जातं ना?” सून म्हणाली. मग तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली, पण ती पुढे काही बोलायच्या आत दार उघडलं.

मालकांचा मुलगा आत आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने तपासणीला आलेल्या बाईंना नमस्कारसुद्धा केला नाही. तो बायकोसमोर उभा राहिला.

“आता तरी खरं सांग. तू नक्की काय घातलंस त्यात?”

सून हळूच स्टुलावरून उठली.

“बाहेरचे काय बोलायचं ते बोलोत,” ती आंबटबाईंना म्हणाली. “हा माणूस बाबांच्या खाटेशी उभा राहून मला रोज हेच विचारतोय. तुम्ही कागदावर काहीही लिहा. पण खरं काय झालं ते मला कळलंच पाहिजे. नाहीतर सुटले तरी मी या घरात विष घालणारीच राहीन.”

घड्याळ दुपार झाल्याचं सांगत होतं. संध्याकाळ फार लांब नव्हती.

४

सील तोडून आंबटबाई गोदामात शिरल्या. भिंतीभर लाकडी फळ्या, फळ्यांवर बाटल्या, आणि मधूनच अंधारातून तो आवाज. फौजदार दाराशीच थांबले. कोणीतरी बाहेर लक्ष ठेवायला हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बाईंनी विजेरी लावली. बाटलीचं झाकण बंद होताना आतली हवा ओढली जाते आणि झाकणाचा मधला भाग किंचित खाली बसतो. इथे कितीतरी झाकणं फुगून वर आली होती. त्या पाहत होत्या तेव्हाच डोळ्यांसमोर एक झाकण टक् करून वर उडालं. आत वायू धरत होता. बाटल्या कोणी मोजत नव्हतं, त्या नासत होत्या.

कळलं तरी अंगावर आलेला काटा जाईना. त्या थंड खोलीत उभं राहिल्यावर असं वाटत होतं, की कोणीतरी रागावलंय आणि त्याला बोलता येत नाही.

हातमोजे घालून, तोंड झाकून त्यांनी त्यातली एक बाटली उघडली आणि आतल्या पाण्यात पट्टी बुडवली. इथे येण्याआधी त्यांनी सुनेच्या पातेल्यातल्या पाण्यातही पट्टी बुडवली होती, ती लालभडक झाली होती. बाटलीतल्या पाण्याने तिचा रंग जेमतेम बदलला. तेच पाणी, पण आंबटपणा कुठेतरी गडप झाला होता. दुसरी बाटली, तिसरी बाटली, तेच.

त्या बाहेर आल्या आणि तडक भिजवणखोलीच्या दाराशी गेल्या. सगळा कारखाना लांब उभा राहून बघत होता. पंजावर त्यांनी थेंबभर पाणी सोडलं आणि वर कोरी पट्टी टेकवली.

“आम्लाचा हात असेल तर लाल होईल,” त्या म्हणाल्या. “म्हणजे सुनेच्या पावडरीचा.”

पट्टी निळी होत गेली. गर्द नाही, पण निळीच.

“फौजदारसाहेब, तुमचं भूत आंबट नाही. आंबटाचं वैरी आहे.”

“म्हणजे काय?”

“चुना. चुन्याची निवळी. पाण्यासारखी नितळ दिसते, ओल्या हाताने दाराला लावली तर काही दिसत नाही. वाळली की पांढरी उमटते. चुन्यात भिजवलेली काकडी दगडासारखी कुरकुरीत राहते, आणि चुना आंबटपणाला खाऊन टाकतो.”

मुकादमाचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे मालकीणबाईंचं गुपित ते हे!”

आंबटबाईंच्याही मनात तेच आलं होतं. त्या धावतच मागच्या मोरीशी गेल्या आणि गवताचा एक गड्डा मुळासकट उपटला. खाली मातीत जुनी, घट्ट, पांढरी खपली होती. मालकीणबाईसुद्धा चुनाच वापरत होत्या. वर्षानुवर्षं.

मग वर्षानुवर्षं एकही माणूस आजारी का पडला नाही?

५

मावशी स्वयंपाकघरात होती. स्वच्छ असलेलं पातेलं ती पुन्हा घासत होती. बाई आलेल्या पाहून तिने मुकाट्याने चहा टाकला. साठीच्या घरातली, काटकुळी, दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या तैनातीत उभी राहिलेली बाई. बोटांना खोल भेगा पडल्या होत्या.

“हात फार फुटलेत तुमचे.”

“भांडी,” मावशी म्हणाली.

“भांड्यांना बाई येते ना तुमच्याकडे? बाहेर भेटली मला.”

मावशीने हात ओट्यामागे नेले. आंबटबाईंनी तो विषय सोडून दिला आणि बहिणीबद्दल विचारलं. तेवढ्याने मावशीचा बांध फुटला.

“ताईनं मला सगळं दिलं. घर दिलं, माणसं दिली. नवरा गेल्यावर मला इथं आणलं तेव्हा म्हणाली, चूल तुझी, कारखाना माझा. सगळं शिकवलं, तेवढं एक सोडून. मी विचारलं की हसायची. म्हणायची, कुरकुर माझी, बाकी सगळं तुझं.” तिने नाक पुसलं. “मग गेलीच एकाएकी. भावोजींनी जेवण सोडलं. म्हणजे बसायचे ताटावर, पण नुसतं चिवडायचे. सून बिचारी नाना तऱ्हा करायची. मान वर करत नव्हते हो. आणि मग एक दिवस, मी इथंच उभी होते, आणि तो आवाज आला. काकडीचा. त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, अजून दे.”

“आणि ती कुरकुरीत कोणी केली?”

“ताईनं.” मावशीने पापणीही हलवली नाही. “ती येते. सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी सुनेच्या शेजारी उभी होती, भावोजींनी स्वतः बघितली ना?”

चहा उतू गेला. दोघींपैकी कोणीच गॅस बंद करायला उठली नाही, मग आंबटबाईंनीच उठून तो बंद केला आणि उरलेला चहा कपात ओतून घेतला.

“एक सांगा. ताई होत्या तेव्हा सकाळी तुम्ही कुठे असायचात?”

“इथंच की. ती भल्या सकाळी कारखान्यात जायची, म्हणजे घरच्यांचा चहा, नाश्ता, डबे, सगळं माझ्याच अंगावर. एक दिवस चुकला नाही.”

“सकाळी एकदाही भिजवणखोलीत गेला नाहीत?”

“मला कुठं वेळ?”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी मोकळी असायचे मी,” मावशी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिने ओठ घट्ट मिटले.

आंबटबाईंनी कप खाली ठेवला. कोडं सुटलं होतं. एरवी अशा वेळी त्यांना भूक लागायची. आज लागली नाही.

६

बाटल्या भरायच्या लांब टेबलाभोवती सगळे बसले. आधी बाईंनी मुकादमाला फोनवर बसवलं आणि बाजारात गेलेली एकूण एक बाटली परत मागवायला सांगितली. मग त्या बोलायला लागल्या.

“सर्वांत आधी त्या ‘दोघी’. या विषाचा पहिला फटका डोळ्यांना बसतो. डोळे फिरवणारे स्नायू ढिले पडतात आणि एकाचे दोन दिसतात. मालकांसमोर सून उभी होती. त्यांना दोन सुना दिसल्या, घाबरून ते तेवढंच बोलले. त्यांनी कोणावर आळ घेतला नाही आणि त्यांना कोणी मेलेलं माणूसही दिसलं नाही. शिवाय हे विष लगेच चढत नाही, बहुतेकदा एखादा दिवस घेतं. त्या दुपारी सुनेनं काय वाढलं, याचा इथे संबंधच नाही.”

मुलाने मान खाली घातली.

“दुसरं, सुनेची पावडर. ती चोख आहे, मापात आहे. या कारखान्यात एकटी तीच राखण करत होती. पण चुन्याशी झगडण्यातच ती खर्ची पडली. पातेल्यात पाणी आंबट होतं. बाटलीत चुना मुरलेल्या चकत्यांवर ओतलं की हळूहळू मचूळ होत होतं.” बाई क्षणभर थांबल्या. “पातेलं मोजलं जात होतं. बाटली मुरल्यावर कोणी मोजली नाही.”

“मी मोजली नाही,” सून म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

“आता चुना. मालकीणबाई संध्याकाळी चकत्या चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या. आणि सकाळी? सकाळी त्या धूत होत्या. पुन्हा पुन्हा, ताज्या पाण्यात, चुन्याचा अंशही राहणार नाही इतक्या. ते दुधासारखं पाणी मोरीतून मागे जायचं, म्हणून तिथे गवत उगवत नव्हतं. आज तिथे गुडघाभर गवत आहे. म्हणजे कोणीतरी चकत्या चुन्यात भिजवतंय, पण धूत नाही. ज्याला संध्याकाळचं अर्धं गुपित ठाऊक आहे आणि सकाळचं अर्धं ठाऊकच नाही, असं कोणीतरी.”

मावशीकडे कोणी पाहिलं नाही. पाहायची कोणाची छातीच झाली नाही.

“मी खिडकीच्या फटीतून बघितलं होतं,” मावशी म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “ताई पांढरं कालवायची, निवळू द्यायची. मला वाटलं, एवढंच असणार. तीच निवळी मी मिठाच्या पाण्यात घालायचे. ते पाणी टाकतही नव्हते मी. झाकून ठेवायचे, कोणाला कळू नये म्हणून. सगळे ताईचं नाव काढायला लागले, मग मी चुना थोडा जास्त घालायला लागले. मिठाच्या पाण्यातून काढल्या आणि दिल्या भरायला. सकाळचं मला कोणी सांगितलंच नाही हो.”

फौजदार खुर्ची मागे सारून उठले. आंबटबाईंनी हाताने त्यांना खाली बसवलं.

मावशीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती आपल्या तळहाताकडे बघत होती.

“पंजा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्याच्यावर हात ठेवून बघितला. तंतोतंत बसला. आम्हा दोघींचे हात सारखेच होते, लहानपणी एकच हातमोजा वाटून घालायचो. मला वाटलं, ताई येऊन बघून जाते. तिला पसंत आहे. मी रोज तिच्याशी बोलत होते त्या खोलीत.” तिने मान वर केली. “तो माझाच हात होता?”

“हो.”

“म्हणजे ताई आलीच नव्हती?”

आंबटबाईंनी आजवर कितीतरी अहवाल खाडकन लिहून टाकले होते. हा एक शब्द त्यांच्याने उच्चारवेना. त्यांनी नुसती मान हलवली. त्या बाईची बहीण आज दुसऱ्यांदा गेली, आणि ती आपण नेली, असं त्यांना वाटलं.

सून उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि मावशीच्या शेजारी बसली.

७

मालक वाचले. काही आठवड्यांनी घशातली श्वासाची नळी निघाली आणि घोगरा का होईना, आवाज आला. आंबटबाई आणि फौजदार त्यांचा जबाब घ्यायला इस्पितळात गेले. बाहेरच्या लांब बाकावर सून आणि मावशी बसल्या होत्या. कारखान्याला टाळं होतं. मावशी चौकीत हजेरी देऊन येई, आणि दर वेळी सून तिच्यासोबत जाई.

“फार बोलवू नका त्यांना,” डॉक्टर म्हणाले. “थकलेत. आणि मनातून जरा हललेत. हे विष वाईट. माणूस हलत नाही, बोलत नाही, पापणीसुद्धा उचलत नाही. सगळ्यांना वाटतं, बेशुद्ध आहे. पण ऐकू सगळं येत असतं.”

मुलगा उशाशी गरम पाण्याचा थर्मास घेऊन उभा होता. फौजदारांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. काय खाल्लं, कधी खाल्लं. मालकांनी तुटक तुटक उत्तरं दिली.

“आता तुमची तक्रार. मेहुणीविरुद्ध लिहू?”

“नाही. ती मला जेवायला घालत होती.”

“मग कोणाविरुद्ध?”

मालकांना पापण्या उघड्या ठेवायलाही कष्ट पडत होते.

“माझ्या मुलाविरुद्ध लिहा,” ते म्हणाले.

मुलगा एक पाऊल पुढे आला.

“पोरगी इथं उभी असायची, माझा हात धरून. आणि हा रोज यायचा आणि विचारायचा, काय घातलंस, काय घातलंस. ती रडायची. तिची आसवं माझ्या हातावर पडायची. मी आतून ओरडत होतो, अरे ती नाही, ती नाही. माझ्या छातीत दम नव्हता, माझ्यासाठी यंत्र श्वास घेत होतं. पण याला तोंड होतं. याला एकदा तरी म्हणता आलं असतं, की ती असं करणार नाही.” त्यांना धाप लागली. “लिहा त्याचं नाव.”

“काका,” फौजदार अवघडून म्हणाले, “असा गुन्हा कायद्यात नाही.”

“मग तुमचा कायदा अपुरा आहे,” मालक म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

फौजदारांनी आंबटबाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. अपुरा होताच.

मुलाने थर्मास खाली ठेवला आणि तो बाहेर गेला. उघड्या दारातून आंबटबाईंना तो दिसत होता. बायकोसमोर उभा राहून तो काहीतरी बोलत होता, खूप वेळ, हात जोडल्यासारखे करून. सून ऐकत होती. मावशी भिंतीकडे बघत होती. बाकावर तिसऱ्या माणसाला बसायला जागा होती, पण सून सरकली नाही.